छप्पर उभारणारा बेघर : संत गाडगेबाबांचे जीवन

ज्या माणसाला शाळेचे शिक्षण कधी लाभले नाही, त्याचे चरित्र शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत का असावे, असा प्रश्न कुणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या माणसाच्या आयुष्यातच आहे. संत गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. परंतु गावोगाव कीर्तन करून त्यांनी जो पैसा समाजाकडून उभा केला, त्यातून धर्मशाळा, अन्नछत्रे, वसतिगृहे आणि शाळा उभ्या राहिल्या. हाती खराटा आणि मुखी कीर्तन एवढ्याच भांडवलावर त्यांनी हजारो निराश्रितांच्या डोक्यावर छप्पर घातले आणि स्वतः मात्र आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे घराविना काढली. महाराष्ट्राबाहेर मराठी भाषा जपत आलेल्या आपल्यासारख्या शाळेने ज्यांच्याकडे वळून पाहावे, अशी काही थोडी माणसे आहेत. गाडगेबाबा त्यांपैकी एक. त्यांची प्रतिमा आपल्या परिचयाची असते. त्यांचे काम मात्र पुष्कळदा स्वच्छतेच्या एका शब्दात आटोपले जाते. त्या कामाच्या मुळाशी कला आणि निवारा यांचे जे नाते होते, ते या लेखात पाहावयाचे आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन जडले होते आणि त्या व्यसनानेच त्यांचा अकाली अंत झाला. डेबू त्या वेळी अगदी लहान होता. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरी येथे आपल्या माहेरी आली. ज्या वयात मुले पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात डेबू मामाची गुरे राखू लागला. आपले स्वतःचे घर मोडले आहे आणि आपण दुसऱ्याच्या आश्रयाने वाढत आहोत, ही जाणीव त्या बालमनात लवकर रुजली असली पाहिजे. निराश्रितपणाशी त्यांची झालेली ही पहिली ओळख होती.

पुढे डेबूजी कष्टाळू शेतकरी झाले. पहाटे उठावे, गोठा स्वच्छ करावा, दिवसभर शेतात राबावे आणि रात्री गावच्या भजनात रमावे, असा त्यांचा क्रम होता. गळा चांगला, स्मरण तीव्र. न वाचताही संतांचे अभंग त्यांना मुखोद्गत झाले. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु स्थैर्य लाभते न लाभते तोच मामाच्या जमिनीवर सावकारी कर्जाची कुऱ्हाड कोसळली. कागदावर काय लिहिले आहे, हे वाचता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे शेत कसे हातचे जाते, हे त्यांनी जवळून पाहिले. वडिलांचे घर दारूने गेले, मामाचे शेत कर्जाने आणि निरक्षरतेने गेले. माणूस उघड्यावर येतो तो केवळ दैवाने येत नाही, त्यामागे व्यसन, कर्ज आणि अज्ञान ही कारणे असतात, हा धडा त्यांना त्यांच्या घरानेच दिला. पुढील काळात त्यांच्या कीर्तनांत हेच विषय पुन्हा पुन्हा येत राहिले.

मुलीच्या बारशाच्या प्रसंगी त्यांनी पहिले जाहीर बंड केले. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी मद्य आणि मांसाचे जेवण द्यावे लागे. त्यासाठी कर्ज काढणारी घरे काही कमी नव्हती. डेबूजींनी गोडाधोडाचे साधे जेवण दिले. जातबांधवांनी नाके मुरडली, परंतु ते डगमगले नाहीत. आपल्या घरी जे करून दाखविता येत नाही, ते दुसऱ्यांना सांगू नये, ही शिस्त त्यांनी तेव्हापासून पाळली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. मागे वृद्ध आई, तरुण पत्नी आणि लहान मुले होती. अंगावर चिंध्या शिवून केलेले वस्त्र, हाती काठी आणि मातीचे फुटके गाडगे घेऊन ते चालू लागले. ते गाडगे कधी डोक्यावर टोपीसारखे असे, कधी भाकरी घेण्याचे पात्र होई आणि त्यातच पाणीही पिता येई. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेमहाराज, गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांनी स्वतःसाठी कोणतीही पदवी मागितली नाही, कोणाला शिष्य केले नाही आणि कोणालाही आपल्या पायांवर डोके ठेवू दिले नाही.

या भटकंतीची पहिली वर्षे हाच त्यांच्या आयुष्यातील खरा अभ्यासकाळ मानला पाहिजे. कोणी वेडा समजून हुसकावून लावी, कोणी चोर समजून दटावी, कोणी दोन घास देई. रात्री कधी झाडाखाली, कधी नदीकाठी, कधी एखाद्या पडक्या भिंतीच्या आडोशाने काढावी लागे. फुकट अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. आधी लाकडे फोडून द्यावीत, अंगण झाडावे, कोणाची अडलेली गाडी ढकलून द्यावी आणि मगच भाकरी मागावी. घर नसलेल्या माणसाकडे जग कोणत्या नजरेने पाहते, हे ज्याने स्वतः सोसले, त्यालाच त्या माणसाला नेमके काय हवे असते हे उमगते. त्याला पाठ टेकण्यापुरती कोरडी जागा हवी असते, प्यावयास स्वच्छ पाणी हवे असते, आणि तू कोण, कुठला, कोणत्या जातीचा, असे दारातच न विचारणारा दरवाजा हवा असतो. बाबांनी पुढे ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांची कल्पना या रस्त्यांवरच आकारास आली.

त्यांच्या विधायक कामाचा प्रारंभ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे झाला. पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, निसरडा. स्नानास उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकुरवाळ्या स्त्रियांचे अतोनात हाल होत. डेबूजी दरवर्षी तेथे जात आणि काठ झाडून, माती टाकून लोकांची वाट सोपी करीत. लोकांनी आधी हसून पाहिले, मग काहींनी हात लावला आणि कालांतराने त्या ठिकाणी पक्का घाट उभा राहिला. यात्रेच्या निमित्ताने जमणाऱ्या आंधळ्या, पांगळ्या आणि महारोगी माणसांना ते तेथे जेवू घालीत. आधी स्वतः काम सुरू करावयाचे, लोक जमले की त्यांच्यासमोर विषय मांडावयाचे आणि मग समाजाकडूनच काम पुरे करून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धत ऋणमोचनच्या काठावर घडली.

या पद्धतीतील विषय मांडण्याचे साधन म्हणजे त्यांचे कीर्तन. महाराष्ट्रात कीर्तनाची परंपरा शतकांची आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, कथेकऱ्याचा पोशाख ठरलेला असतो, साथसंगत ठरलेली असते. वारकरी कीर्तन एका अभंगाच्या विवरणावर उभे राहते. बाबांनी यांपैकी कोणतीच चौकट पाळली नाही, तरी त्यांच्याइतके प्रभावी कीर्तनकार त्या काळात विरळाच होते. दिवसा ते गावात येत आणि कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत. गटारे, पाणवठे, देवळाचे आवार असे सारे झाडून काढत. चिंध्या ल्यालेला कोणी अनोळखी माणूस आपला गाव झाडतो आहे, हे पाहून गावकऱ्यांना आधी कुतूहल आणि मग संकोच वाटे. तरुण मुले पुढे येऊन खराटे हाती घेत. संध्याकाळ झाली की त्याच माणसाचे कीर्तन आहे, असे कळे, आणि पंचक्रोशीतून हजारो माणसे जमत.

ते कीर्तन ऐकणे हा विलक्षण अनुभव असे, असे तो ऐकणाऱ्या कित्येकांनी लिहून ठेवले आहे. भाषा शुद्ध वऱ्हाडी, शेतकऱ्याच्या ओट्यावरची. बाबा व्याख्यान देत नसत. ते प्रश्न विचारीत. देव कुठे राहतो, दगडाला नैवेद्य दाखविल्याने दगडाचे पोट भरते काय, कर्ज काढून तीर्थयात्रा केल्याने कोणाचे भले होते, नवसासाठी मुक्या जनावराचा जीव घेणे हा कुठला धर्म, मुलाला शाळेत का घालीत नाही, असे साधे प्रश्न ते श्रोत्यांपुढे टाकीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. उत्तर देता देता श्रोता स्वतःच्याच वागण्यापाशी येऊन पोहोचे. मध्येच देवकीनंदनाच्या नावाचा गजर उठे, सारा समुदाय टाळ्या वाजवीत त्यात सामील होई आणि पुन्हा पुढचा प्रश्न येई. तुकाराम आणि कबीर यांची वचने त्यांच्या जिभेवर असत. परंतु ती पांडित्य दाखविण्यासाठी येत नसत. हसविणे, रडविणे, लाजविणे आणि शेवटी हात कामाला लावणे, हे सारे ते एका बैठकीत साधीत. नाट्य, संगीत आणि संवाद यांचा असा मेळ घालणाऱ्या या कलेला आज आपण कोणतेही नाव द्यावे. तिच्यामुळे माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काही करू लागत, एवढे मात्र खरे.

आणि येथूनच कीर्तन आणि छप्पर यांचा संबंध जुळतो. कीर्तनाने भारावलेले लोक दान देऊ लागले तेव्हा बाबांनी एक कठोर नियम केला. ते पैशाला स्वतः हात लावत नसत. देणगी आली की ती त्या त्या कामाच्या व्यवस्थापकांकडे जाई. धर्मशाळा पूर्ण झाली की तिचा कारभार विश्वस्तांकडे सोपवून बाबा पुढच्या गावी निघून जात. आपल्या वारसांचा किंवा नातलगांचा या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही, ही गोष्ट त्यांनी निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवली. ज्या कलावंताच्या शब्दावर लाखो रुपये उभे राहत होते, त्याच्या अंगावरची चिंधी मात्र बदलली नाही. लोकांचा विश्वास त्यांच्या वाणीवर जितका होता, तितकाच या निर्मोही व्यवहारावर होता.

पंढरपूर हे या कार्याचे मोठे क्षेत्र ठरले. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी तेथे येतात. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख आहे, त्यांना मठ-वाडे मिळत. गरिबांनी वाळवंटात पावसात भिजावे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांची स्थिती तर याहून बिकट होती. विठ्ठलाच्या भेटीसाठी शेकडो मैल चालत आलेल्या त्या भाविकांना मंदिराचे दार बंद होते आणि राहावयास गावात छप्परही नव्हते. बाबांनी त्यांच्यासाठी पंढरपुरात धर्मशाळा बांधविली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. चौदाव्या शतकात ज्या चोखोबाला देवळाच्या बाहेर राहावे लागले, त्याच्या नावाने त्याच्याच बांधवांसाठी पक्के छप्पर उभे राहिले, ही घटना त्या काळात लहान नव्हती. बाबा स्वतः विठ्ठलाच्या दर्शनासाठी फारसे मंदिरात जात नसत; यात्रेत झाडलोट करावी, रोग्यांची शुश्रूषा करावी आणि वाळवंटात कीर्तन करावे, हीच त्यांची वारी होती.

पंढरपूरप्रमाणेच नाशिक, देहू आणि आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. नाशिकला अंध-अपंगांसाठी अन्नदानाची व्यवस्था झाली. परंतु बाबांच्या दूरदृष्टीची खरी साक्ष मुंबईतील धर्मशाळेने दिली. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे दानशूर आपल्याकडे पूर्वीपासून होते. रुग्णालय हेही आधुनिक काळाचे तीर्थच आहे, हे ओळखणारे थोडे होते. खेड्यातून आजारी माणसाला घेऊन मुंबईला आलेल्या नातलगाची काय दशा होते, हे बाबांनी पाहिले होते. रोग्याला खाट मिळे. त्याच्याबरोबर आलेल्या आईने, बायकोने, भावाने मात्र पदपथावर दिवस काढावेत, तेथेच तीन दगडांची चूल मांडावी आणि पावसाळ्यात दुकानांच्या फळ्यांखाली अंग चोरून बसावे. जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात अशा माणसांसाठी बाबांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभी राहिली. त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाने दादर येथे सुरू झालेली धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आजही आसरा देते. तेथे येणारी माणसे भारताच्या सर्व भागांतून येतात. बाबांचे नाव कधी ऐकले नसलेली बंगाल, बिहार, आसामकडची कुटुंबेही तेथे मुक्कामास असतात.

छप्पर या कल्पनेचा विस्तार बाबांनी विद्यार्थ्यांपर्यंत नेला. खेड्यातल्या हुशार मुलाचे शिक्षण थांबते ते पुष्कळदा बुद्धीच्या अभावी थांबत नाही. शहरात राहावयास जागा नसते म्हणून थांबते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, कष्ट करावेत आणि शिकावे यासाठी वसतिगृहे चालविली. बाबांना हे काम आपलेच वाटले. त्यांनी आपल्या कीर्तनांतून भाऊरावांच्या कार्याचा पुरस्कार केला आणि साहाय्य केले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीही बाबांच्या मनात नितांत आदर होता. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेपुरती भरणारी वास्तू वर्षभर शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील विचार. ज्यांना रात्रीपुरता आसरा दिला, त्यांच्या मुलांना कायमचे पायावर उभे करावयाचे असेल तर शिक्षणाला पर्याय नाही, हे त्या निरक्षर माणसाला पुरते कळले होते.

तरुणांना बाबांचे आकर्षण का वाटे, याचे एक बोलके उदाहरण मराठी साहित्यात आहे. परतवाडा येथे १९१६ मध्ये जन्मलेले गो. नी. दांडेकर स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने किशोरवयातच घराबाहेर पडले. त्या भटकंतीत ते गाडगेबाबांच्या सहवासात आले. घर सोडून आलेल्या, नक्की कुठे जावे हे ठाऊक नसलेल्या त्या मुलाला बाबांच्या सान्निध्यात श्रमाची आणि लोकसेवेची दीक्षा मिळाली. पुढे तोच मुलगा मराठीचा थोर कादंबरीकार झाला, त्याने बाबांचे चरित्र लिहिले आणि बाबांच्या जीवनावरील ‘देवकीनंदन गोपाला’ या १९७७ च्या चित्रपटालाही त्याच्या लेखणीचा हातभार लागला. बाबांच्या मागे असे कितीतरी तरुण येत. बाबा त्यांना उपदेश करीत बसत नसत. खराटा हाती देत, यात्रेत पंगतीची व्यवस्था सोपवीत, रोग्याचे अंग पुसावयास सांगत. ज्याला गाता येई त्याने गावे, ज्याला वाजविता येई त्याने वाजवावे. परंतु दिवसाचे काम आटोपल्यावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज वयाने बाबांहून तेहतीस वर्षांनी लहान. खंजिरीच्या साथीवर ग्रामोद्धाराची भजने गाणाऱ्या या तरुण कलावंताशी बाबांचे अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे नाते राहिले.

या आयुष्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. सखुबाई आणि कुंताबाई या दोघींनी घरकर्त्या पुरुषाशिवाय हलाखीत दिवस काढले. बाबांचा मुलगा गोविंद तरुणपणीच वारला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. जगाच्या मुलांसाठी छप्पर उभारणाऱ्या पित्याला आपल्या मुलाच्या उशाशी बसता आले नाही, हे वाचताना आजही मन कळवळते. प्रत्येकाने असे घर सोडावे, असे कोणी म्हणणार नाही. बाबांनीही इतरांना तसे सांगितले नाही. संसार नेटका करा, कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, प्रसंगी जेवणाचे ताट मोडा पण त्यांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नका, हेच ते गृहस्थांना सांगत असत. त्यांचा त्याग हा अनुकरणाचा नमुना म्हणून पाहू नये. एका माणसाने एवढे दिले असेल, तर आपण आठवड्यातील दोन तास देण्यास हरकत काय, असा हिशेब मांडण्यासाठी तो स्मरावा.

१९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे अशा कामांना एक व्यवस्थित रूप आले. बाबा आता पंचाहत्तरी ओलांडून गेले होते, शरीर थकले होते, तरी पायाची भिंगरी थांबली नव्हती. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्यामुळे त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. वऱ्हाडी बोलीतील तो थकलेला, तरीही धारदार आवाज प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने एकदा तरी ऐकावा. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या घटनेचा बाबांना मोठा धक्का बसला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. मृत्यूही घरात आला नाही. तो प्रवासातच आला. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

मृत्यूनंतर सन्मान पुष्कळ झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव मिळाले. शाळेची पाटी न पाहिलेल्या माणसाच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात. १९९८ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला एका गोष्टीचा विशेष अभिमान वाटावा. लखनौ येथे उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीच्या प्रेक्षागृहाला संत गाडगेजी महाराजांचे नाव आहे. नाटक, संगीत आणि नृत्याचे प्रयोग जेथे होतात, त्या वास्तूला एका वऱ्हाडी कीर्तनकाराचे नाव असावे, हे अत्यंत समर्पक आहे. कलेची भाषा प्रांताच्या सीमेवर अडत नाही, याचा हा जिवंत पुरावा.

बाबांच्या शिकवणीचा सारांश म्हणून दहा गोष्टी सांगितल्या जातात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण अशी ती यादी आहे आणि तीत बेघराला आसरा देणे हे कलम ठळकपणे येते. ही यादी शाळांच्या भिंतींवर सुंदर अक्षरांत रंगविलेली आढळते. ती भिंतीवरून खाली कशी उतरवावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक शाळेने आपापल्या गावात सोडवावयाचा आहे.

आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे तो प्रश्न अगदी समोर उभा आहे. ज्या शहरात आपण राहतो, त्या शहराच्या मोठ्या रुग्णालयाबाहेर, रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, उड्डाणपुलाखाली रात्री माणसे झोपतात. त्यांपैकी अनेकजण दूरच्या प्रांतांतून कामाच्या किंवा उपचाराच्या शोधात आलेले असतात. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे पूर्वजही असेच नोकरीच्या निमित्ताने परमुलखात आले. कोणीतरी ओळखीच्या मराठी माणसाने पहिले काही दिवस घरात जागा दिली, म्हणून त्यांचे पाय येथे टेकले. ज्यांना अशी ओळख नसते, त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

बाबांच्या जीवनातून यासाठी एक सरळ रीत हाती येते. पहिली गोष्ट, आधी हात, मग कला. स्नेहसंमेलनात बेघरांवर नाटक बसविण्यापूर्वी नाटकातील मुलांनी एखाद्या रात्र-निवाऱ्यात किंवा धर्मशाळेत काही दिवस झाडलोट करावी, पांघरुणे धुवावीत, जेवण वाढावे. मग त्यांच्या संवादांत उसना कळवळा राहणार नाही. दुसरी गोष्ट, ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये. बाबांनी महारोग्याला कधी प्रदर्शनाची वस्तू केले नाही. त्यांनी प्रश्न विचारले ते सुस्थितीतील श्रोत्यांना. आपल्या मुलांच्या चित्रांचा आणि पथनाट्यांचा रोखही तसाच असावा. तिसरी गोष्ट, कलेतून जमलेला पैसा स्वच्छ हिशेबाने, सर्वांसमोर, थेट योग्य संस्थेकडे जावा. चित्रप्रदर्शनातून आलेल्या रकमेत किती पांघरुणे आली आणि ती कुठे पोहोचली, हे मुलांनी स्वतः लिहून फलकावर लावावे. आणि चौथी गोष्ट, बोलण्याची भाषा ऐकणाऱ्याची असावी. बाबा वऱ्हाडी बोलले कारण समोर वऱ्हाडातला शेतकरी होता. आपल्या मुलांना घरी मराठी, बाजारात हिंदी किंवा प्रांताची भाषा बोलण्याची सवय आहे. परप्रांतातून आलेल्या निराश्रित माणसाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलणे त्यांना इतरांपेक्षा अधिक सहज जमेल.

माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून यात एकच अपेक्षा आहे. मुलगा किंवा मुलगी अशा कामासाठी रविवारी सकाळी बाहेर निघाली, तर अभ्यास बुडेल, कपडे मळतील, नसत्या संगतीत जाईल, या भीतीने तिला दारात अडवू नये. शक्य असेल तर तिच्याबरोबर जावे. गाडगेबाबांच्या मागे गावातील मुले खराटा घेऊन धावत, त्याचे कारण मोठी माणसेही त्याच रस्त्यावर वाकलेली त्यांना दिसत असत.

शाळा ही मुलांना काही तासांपुरते मिळणारे छप्परच असते. साठ वर्षे आपल्या शाळेने हे छप्पर परमुलखातील मराठी मुलांसाठी टिकवून धरले. त्या छपराखाली गाणे, चित्र काढणे, नाटक करणे शिकलेली मुले उद्या ज्यांच्या डोक्यावर काहीच नाही अशा माणसांपर्यंत ती कला घेऊन गेली, तर हीरकमहोत्सवाचा उत्सव त्या दिवशी खऱ्या अर्थाने पुरा होईल.